बोगद्याजवळचं वळण

अहो,

मी बोटांच्या व्यायामाला गेलेय. जेवण झाकून ठेवलंय.

माझ्या छोट्या आगगाडीचे रूळ रात्री वाकडे असतात आणि सकाळी आपोआप सरळ होतात, याचं मला आठवडाभर नवल वाटत होतं. काल चष्मा लावून बघितलं. सगळे खिळे एका ओळीत, कुठेही हातोडी निसटल्याची खूण नाही. माझ्या आखडलेल्या बोटांच्या चिमटीत तर असला खिळा राहतही नाही. घरात घड्याळजी एकच आहे.

म्हणून आज बोगद्याजवळचं वळण उखडलं आणि माझ्या पद्धतीने घातलं, चिकटपट्टी लावून, कोपराने दाबून. वेडंवाकडं झालंय. त्यावरून गाडी कधी सुरळीत जाते, कधी घसरते. असं का, हे काही केल्या कळत नाही. तुम्ही दुरुस्त केलंत तर कधीच कळणार नाही.

तुमचे हात शिवशिवतील, ठाऊक आहे मला. त्यापेक्षा एकदा गाडी सोडून बघा. बटण मोठं बसवलंय, तळहाताने दाबायचं.

घसरली तर उचलू नका. कुठे पडते, ते मला बघायचंय.