डब्यातली दोन काडतुसं

आबा, गेल्या महिन्यात एका माणसाने मला विचारलं की घरात किती काडतुसं ठेवायची, आणि मी विचार न करता तुमचा आकडा सांगून मोकळा झालो. दोन. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आखातात जाऊ नको, जमीन पडीक टाकू नको, मोठ्यांना उलट बोलू नको, हे सगळं तुम्ही सांगितलं आणि मी सगळं मोडलं. आयुष्यात तुमचं एवढं एकच ऐकलं आणि त्यातच फसलो. आता हे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

मी ओमानात बरक्याला आहे, एका खजुरीच्या वाडीवर. पंप, पाणी, लिंबाची झाडं, बकऱ्या, सगळं सव्वीस वर्षं मीच बघतो. मालकाला इथे अर्बाब म्हणतात. आमचा अर्बाब ऐंशीच्या पुढचा, तुमच्यासारखाच कमी बोलणारा आणि तुमच्यासारखाच हट्टी. पाहुण्यांना बसवायच्या खोलीत त्याच्या वडिलांची रायफल भिंतीला टांगलेली असते, परवान्याची. पूर्वी लग्नकार्यात एखादा बार काढायचा, आता कित्येक वर्षांत तेही नाही. काडतुसं दुधाच्या पावडरीच्या डब्यात. रोज दुपारच्या नमाजानंतर तो डबा गालिच्यावर पालथा करतो, एकेक उचलून मोजतो आणि परत भरतो. तेवीस. गेल्या वर्षापासून त्याला विसरायला व्हायला लागलं. बायको वारली हे विसरतो आणि तिला हाका मारतो. सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो, मग त्याला ते नव्याने कळायचं आणि नव्याने रडायचा. आता सांगतो, बाजारात गेलीय. पण तेवीसचा आकडा कधी चुकला नाही.

त्याचा मुलगा मस्कतला असतो, सुट्टीच्या दिवशी येतो. चांगला आहे पोरगा, मी आलो तेव्हा शाळेत जात होता, आता त्याचेच केस पांढरे झालेत. आम्हा लोकांशी तो हिंदीतच बोलतो. मला झाडाखाली बाजूला घेऊन म्हणाला, "बंदूक ले जाएगा तो वो खाना छोड देगा. तुम दिनभर साथ में रहता है, भाई. तुम बोलो, डब्बे में कितना रखना है?" मी म्हटलं, "दो." म्हणाला, "दो क्यूं?" मी म्हटलं, "मेरे बाप का हिसाब है." बापाचं नाव काढलं की इथे माणसं वाद घालत नाहीत. "खलास," म्हणाला, आणि एकवीस काडतुसं रुमालात बांधून घेऊन गेला.

तुमची एकनळी मला अजून जशीच्या तशी दिसते. शेतीच्या राखणीचा परवाना, निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की तेल लावून परत आणायची. परवान्यावर मुभा बरीच होती, तरी घरात तुम्ही दोनच काडतुसं ठेवायचात, बाकीची खाडीपलीकडे चाचांकडे. चाचा तुमचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांच्याकडेही परवाना होता, पण तुमच्या असल्या वागण्याचा अर्थ मला कधी लागला नाही. मी एकोणीस वर्षांचा असेन. भात कापणीला आलंय, उजाडता उजाडता डुकरं शेतात शिरलीत, पिल्लांसकट. तुम्ही दोन्ही बार काढता. एक आंब्याच्या खोडात, दुसरा कुठे गेला देव जाणे. मग मला म्हणता, "पळ, चाचांकडून घेऊन ये." मी बांधावरून, चिखलातून धावत जातो, आणि चाचा मला ओट्यावर बसवतात. आत चहा सांगतात. विचारतात, कोणासाठी पाहिजेत? डुकरांसाठी! किती आहेत? आबा कुठे उभा आहे? रागात आहे का? मी जीभ भाजून घेत चहा पितो, तेव्हा कुठे ते आत जाऊन चार काडतुसं आणतात. मी परत आलो तर अर्धं शेत आडवं झालेलं, डुकरं केव्हाच पसार.

मी आईसमोर तुम्हाला म्हणालो, एवढी भीती वाटते तर बंदूक कशाला मिरवता, बांगड्या भरा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तोंड धुतलंस का सकाळपासून? जा, धू आधी." बस, एवढंच. नंतर आठ दिवस आपण बोललो नाही. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, तुमच्या नाही, माझ्या.

तुम्ही गेलात तेव्हा मला रजा मिळाली नाही. चार महिन्यांनी आलो आणि चाचांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. काकाशी बांधावरच्या फणसावरून तुमचं भांडण झालं होतं, मी पाळण्यात होतो तेव्हा. तुम्ही बंदूक घेऊन गेलात. पहिला बार वर काढलात, काका कोयता घेऊन पुढे आला, दुसरा त्याच्या पायाजवळ, तरी तो येतच राहिला. तिसऱ्यासाठी तुम्ही खिशात हात घातलात आणि खिसा रिकामा निघाला. काका आणि तुम्ही, दोघंही त्या रिकाम्या खिशामुळे वाचलात. त्याच दिवशी तुम्ही डबा घेऊन चाचांकडे आलात आणि म्हणालात, "मी मागितली तरी लगेच देऊ नको. आधी बसव, चहा पाज, कोणासाठी ते विचार. माझ्या माणसाला पाठवलं तरी तेच कर." चाचा म्हणाले, मी आबाला विचारलं, मग दोन तरी घरात कशाला? तर तुम्ही म्हणालात, अगदीच रिकामी बंदूक टांगली तर घरात माझं ऐकणार कोण?

म्हणजे दोन हा आकडा कोणाला वाचवण्यासाठी नव्हताच, तुमचा मान राहावा म्हणून होता. खरी राखण चाचा करत होते. हे मला एकवीस वर्षं ठाऊक आहे. तरी त्या पोराला मी तुमचा आकडा दिला. चाचा कुठून आणून देणार होतो?

दुसऱ्या दिवशी अर्बाबने डबा पालथा केला. वाहिद, इथनेन. एक, दोन. मग गालिचा उचलून बघितला. पुन्हा मोजली. दोनच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि हिंदीत म्हणाला, "चोर है घर में." त्या दिवसापासून त्याची माझ्यावरची नजर हटली नाही. मी आत आलो की डबा मांडीखाली घ्यायचा. सव्वीस वर्षं ज्याचं अंगण झाडलं, त्याने असं बघावं, याचं वाईट वाटलं, आबा. खूप वाटलं.

मग एका सकाळी मी कहव्याचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, थर्मास आणि खजुरांचं ताट घेऊन गेलो, तर तो दारात उभा, हातात रायफल, नळी माझ्या पोटाकडे. विचारतो, तू कोण? मी नाव सांगितलं. त्याला ते नाव माहीत नव्हतं. पळावंसं वाटलं, पण नळीकडे पाठ करायचा धीर झाला नाही, हे खरं. म्हणून खाली बसलो, उंबऱ्याबाहेरच, आणि सवयीने पेला भरला. इथे कहवा उजव्या हातानेच घ्यायचा असतो, आणि पुढे केलेला पेला नाकारला तर समोरच्याचा अपमान होतो. मी पेला वर धरून बसलो. कहवा मनगटावर सांडत होता. त्याने बराच वेळ पेल्याकडे बघितलं. मग रायफल भिंतीला टेकवली, खाली बसला आणि उजवा हात पुढे केला. तीन पेले प्यायला आणि मला म्हणाला, तुमच्याकडे पाऊस कसा आहे? पाहुणा समजला होता मला. तो झोपल्यावर मी रायफलीचा बोल्ट मागे ओढला, तर आत गोळी होती. काढली आणि परत डब्यात टाकली, कारण दुपारी तो मोजणार होता.

आज सकाळी मी मुलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. दोन नको, एकही नको, बंदूकही ने, आणि वडिलांनाही तुझ्याजवळ ठेव. तो घाबरला, रडवेला झाला. म्हणाला, "शुक्र है, भाई, तुमने टाइम पे बोला." त्याला वाटतंय हे आजच घडलं. मी तसंच वाटू दिलं. संध्याकाळपर्यंत येतो म्हणालाय.

ते आज घडलेलं नाही, आबा. त्याला अकरा दिवस झाले. अर्बाब मस्कतला गेला की वाडी बंद होणार, माझा व्हिसा संपणार, आणि गावी बायको मला वर्षातून एका महिन्याचा नवरा म्हणून ओळखते. अकरा दिवस मी स्वतःला सांगत होतो की म्हाताऱ्याचा मान राखतोय. रोज सकाळी कहवा घेऊन जाताना माझ्या एकट्याच्या जिवाचा प्रश्न आहे, असं धरून चाललो होतो. पण त्या अकरा दिवसांत दोन शुक्रवार आले. दोन्ही शुक्रवारी मुलगा आपली तीन पोरं घेऊन आला होता, धाकटी चार वर्षांची. ती त्याच खोलीत आजोबांच्या मांडीवर खेळत होती, आणि मी बाहेर लिंबांना पाणी देत होतो.