काळा पडदा

बाबा,

मी डोळे तपासायचं शिक्षण घ्यायला राजधानीत, सोफियाला निघाले, तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांदेखत म्हणालात, "डॉक्टर व्हायची अक्कल नाही, म्हणून चालली चष्मे विकायला!" परवा बस चालवायचा परवाना नवा करायला लागते त्या डोळ्यांच्या तपासणीसाठी माझ्याच खुर्चीत येऊन बसलात.

समोरच्या विजेच्या पडद्यावर उमटणारी अक्षरं तुम्ही पाठ करून आला होतात. आदल्या दिवशी आई चष्म्याचं निमित्त काढून आली आणि ती उतरवून घेऊन गेली, हे मी पाहिलं होतं. मी गुपचूप पडदा बंद केला, दार सताड उघडलं आणि म्हणाले, "वाचा."

तुम्ही खणखणीत आवाजात वाचू लागलात. बाहेर तपासणीसाठी थांबलेल्या तुमच्या डेपोतल्या ड्रायव्हरना काळा पडदा दिसत होता. ते हसायला लागले. मी म्हटलं, "वा! आता खालची ओळ."

शेवटची ओळ संपल्यावर तुम्ही खुशीत विचारलंत, "झालो ना पास, रालित्सा?"

"पडदा बंद आहे, बाबा."

तुम्ही दार चाचपत बाहेर गेलात. तेव्हा कुणीच हसलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्हाला ते आईकडून वाचून घ्यावं लागेल, आणि ती माझी वाक्यं गोड करून वाचेल.

रालित्सा