पत्रिकेत आत्या नाही

टिटवाळा,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रियांकास,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोन केला की महेंद्र स्पीकर लावतो, म्हणून पत्र. तुमच्या लेकीच्या नामकरणाची पत्रिका मिळाली. मामा, मावशी, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे छापलेत. आत्या नाही. आपल्याकडे बुद्धवंदना झाली की बाळाच्या कानात नाव आत्याच सांगते, हे माझ्या भावाला, महेंद्रला, ठाऊक आहे. तुलाही आहे. मग ओळ गाळली कुणी?

गेल्या आठवड्यात तू ग्रुपवर टाकलेलंस की नणंद हा शब्द संस्कृत ‘ननान्दृ’वरून आला, अर्थ कधीच खूश न होणारी. खाली हसरा चेहरा. मी हसले नाही. माझं बाळ जगलं नाही, म्हणून मी तुझ्या बाळाजवळ नको असेन, तर तसं स्पष्ट लिही.

बाळाची टाळू सांभाळ. लोभ अजून आहे, आटला तर कळवीन.

शालनताई


डोंबिवली,
ता. ६ फेब्रुवारी

ती. शालनताईंस,
सादर जयभीम वि. वि.

तुमचं पत्र महेंद्र बाहेर गेल्यावर पुन्हा वाचलं. ग्रुपवरचं मीच टाकलेलं, चुकलं माझं. वाचनालयातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जुने व्याकरणकार तसा अर्थ लावतात, पण खात्री कुणालाच नाही. तो लावणाऱ्याला बहीण होती का, हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

ओळ मी गाळली नाही. प्रूफात होती, महेंद्रनं काढली. खूप खोदल्यावर म्हणाला, ताईचं बाळ चार दिवसांचं गेलं, आता हिला मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर रडली तर मला बघवणार नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलेली त्यानं. ती आज मोडली.

रागावा, पण माया राहू द्या.

तुमची
प्रियांका


टिटवाळा,
ता. ९ फेब्रुवारी

प्रिय प्रियांकास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र मला आधी खोटंच वाटलं. लहानपणी माझी चप्पल तोडून दोन दिवस गप्प बसलेला हा, माझा एवढा विचार कधीपासून करायला लागला? म्हणून काल त्याला फोन करून सरळ विचारलं. ‘प्रियांकानं शपथ मोडली ना?’ म्हणाला. तेव्हा पटलं.

बाळ गेल्यापासून चोवीस वर्षं मी त्याच्यासमोर हसत आले, आणि तो धास्तावून बसलेला. तुझ्यावर संशय घेतला तो मागे घेते. ग्रुपवरचा हसरा चेहरा मात्र काढून टाक.

सोळा तारखेला सकाळी नऊला येते. पत्रिका पुन्हा छापू नका. नाव मीच सांगणार. रडू आलं तर रडेन. कानाशी आवाज आला की तीही रडेल, दोघींना एकदमच गप्प करा.

शालनताई