कंट्रोलच्या बटणाखालचे तांदूळ

मुळगाव, दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

आज बायकोवर उगाच ओरडलो. देवळाच्या जत्रेचं पत्रक टाइप करत होतो. इथे वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून दर ओळीनंतर कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह करायची माझी सवय. आज काही केल्या सेव्ह होईना. ओळीच्या शेवटी नुसतं भलतंच अक्षर उमटे. कंप्यूटर दोनदा बंद करून चालू केला. छे! शेवटी कीबोर्ड उपडा करून थोपटला, तर कंट्रोलच्या बटणाखालून कुंकू लावलेले तांदूळ पडले. काल दसऱ्याला हिने कोयती-विळ्यांबरोबर कंप्यूटरही पुजला होता.

तसाच स्वयंपाकघरात गेलो. "पूजा करताना डोळे खंय होते तुझे?"

ती नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचां बोट दिसभर त्याच बटणार. म्हणान थंय चार तांदूळ जास्त घातले."

परत येऊन टाइप करायला बसलो. बटण चालतंय, पत्रकही झालं. ते तांदूळ मात्र टाकवत नाहीत, इथेच टेबलावर आहेत.

डोळे कुठे होते म्हणे! माझ्या बोटावर होते.