डावी कळी

उंब्रज,
सोमवार, ता. ९ फेब्रुवारी १९७६, सकाळी सात

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. म्हशीची धार काढून, हात धुऊन लिहायला बसलो आहे. ऊस कारखान्याला गेला. आईचा गुडघा बरा आहे.

तू मिलिटरीत जावंस की नाही, म्हणून आबांनी भैरोबाला कौल लावला, तो रविवार आठवतो का रे? गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. आई रडली, तू हसलास. पुढच्या वर्षी माझ्या शाळेला डावी पडली आणि सातवीनंतर मी बैलांमागे लागलो.

तेव्हापासून मीही सगळं देवालाच विचारत आलो. बैल घेऊ का, विहीर कुठं काढू. आकाराम गुरव म्हणायचा, “आता चपला घ्यायलाबी कौल लावतूस का रं?” आणि सगळ्यांत जास्त तूच हसायचास. पण दादा, त्यात सुख होतं. नुकसान झालं तरी झोप लागायची, कारण दोष माझा नसायचा. फक्त काही चांगलं झालं, तर तेही कधी माझं वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात कडेगावला सुलाबाई नावाच्या मुलीला पाहायला गेलो होतो. निघताना पाणी द्यायच्या निमित्ताने तिने मला ओसरीवर गाठलं आणि पसंती विचारली. रविवारी कौल लावून कळवतो, म्हणालो. तर म्हणते, “आवं, देवाला मी लय येळा बघितलंय. तुमालाच पयल्यांदा बघतीया. तुमी सांगा की!”

परत येताना एसटीत एकदम आठवलं. तुझ्या कौलाच्या आधी महिनाभर तू रोज पहाटे कृष्णाकाठी पळायला जायचास, आणि आबांना सांगायचास की उसाला पाणी पाजून आलो. डावी पडली असती तर काय केलं असतंस, दादा?

कारण काल मला डावी पडली. आबा पाया पडून उठले. मी देवळातूनच एसटी गाठली आणि कडेगावला हो सांगून आलो. आबा माझ्याशी बोलत नाहीत. रात्रभर डोळा लागला नाही. आणि आई म्हणते, धार काढताना मी गुणगुणत होतो. रजा टाकून ये. तू आलास, तर आबा मांडवात बसतील.

तुझाच धाकटा,
नाथाजी