अनंत चतुर्दशीनंतरची पहिली पाळी

६ जुलै १९९२
सेंटरवर नाव नोंदवलं. मिल एरियात दोन खोल्या. मंगळवारी डॉक्टर, बाकी दिवस मधुवंती. ती काउन्सेलर. मिल बंद पडल्यावर जे लोक गप्प झालेत, त्यांच्या घरी जाऊन बसते. मी समाजसेवेसाठी आलोय. ती तिथे आहे हा योगायोग. बी.कॉम. सुटलं ते बरंच झालं. सरांवर डस्टर फेकला हेसुद्धा एक प्रकारे मन मोकळं करणंच.
संकल्प: १) राग बंद. २) दिवाळीच्या आत मधुवंतीला सांगणे.

९ जुलै
तिने नियम समजावले. ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. माहीत नाही ते सांगायचं नाही. परत आल्यावर कार्डावर पेशंटचे शब्द लिहायचे, आपले नाहीत. सोपं आहे. ऐकणं माझ्यात उपजतच आहे. आईला सांगितलं, तर म्हणाली, घरात कधी दिसलं नाही रे ते.

१३ जुलै
पहिली केस. दत्तोपंत. लूमखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, सत्तावीस वर्षं. आता दिवसभर कॉटवर, भिंतीकडे तोंड. मार्चमध्ये चाळीमागच्या विहिरीच्या काठावरून लोकांनी परत आणलं. तेव्हापासून प्रमोदिनीकाकू दारातच पाट टाकून बसतात. तिथेच भाजी चिरतात, तिथेच जेवतात. मधुवंती म्हणाली, तुम्ही नुसतं बसा, काकूंना तासभर बाहेर पडता येईल.
नुसतं कसं बसणार? मनोबलावर पाऊण तास बोललो. भिंतीवर परिणाम जाणवला.

३० जुलै
मधुवंतीने कार्ड वाचलं. म्हणाली, पुष्करजी, यात तुम्हीच बोलताय, पेशंट कुठे आहे?
रागात राजवाड्यापर्यंत पायी. वाटेत एका दुकानाच्या शटरला लाथ. अंगठा सुजला. संकल्प क्र. १ उद्यापासून.

३ ऑगस्ट
पेशंट बोलला!! आज मलाच सहन झालं नाही. म्हणालो, काका, असे काय पडून राहिलात, अनंत चतुर्दशी झाली की मिल सुरू होतेय, भोपाळहून सरकारचीच पक्की खबर आहे. ते वळले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. विचारलं, कोण म्हणालं? मी म्हटलं, वरून आलंय. मग विचारलं, पहिली पाळी की दुसरी? म्हटलं, पहिली.
कार्डावर फक्त त्यांचे शब्द लिहिले: ‘पहिली पाळी की दुसरी?’ नियम म्हणजे नियम.

राखीपौर्णिमा
सेंटरला सुट्टी टाकली. मधुवंती स्टाफमधल्या सगळ्यांना राखी बांधते म्हणे. रिस्क नको.

२० ऑगस्ट
काका दाढी करतात. खाकी कपडे धुऊन इस्त्री केले. मिलचे लोक बंद मिलच्या नावानेही वर्गणी काढून झांकी, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतला हलता देखावा, बनवतायत, तिथे जाऊन हत्तीची सोंड हलवायची मोटर बसवून आले. मधुवंतीने विचारलं, केलंत तरी काय? म्हटलं, टेक्निक. ती हसली. (उजव्या गालाला खळी. नोंद असावी.)

२ सप्टेंबर
काकूंना म्हणालो, आता पाट उचला, बरे झालेत ते. त्यांना रडू आलं. म्हणाल्या, पुष्करभिया, तुम्ही देवासारखे आलात. मी नाही म्हटलं नाही.

अनंत चतुर्दशी, दुपार
आज झांक्या. गर्दीतच मधुवंतीला सांगणार. नवा शर्ट. काकांची भानगडही आजच निस्तरणार. नाहीतर उद्या सकाळी सहाला मिलच्या गेटवर गाठून शांतपणे समजावणार. प्लॅन तयार आहे.

दुसऱ्या दिवशी, सकाळचे साडेदहा
आत्ता उठलो.
काल झांकीमागे काका खाकीत चालत होते. दिसेल त्याला सांगत होते, भिया, सकाळी सात वाजता, पहिली पाळी. मधुवंतीने ऐकलं. माझ्याकडे वळून विचारलं, हे यांना कोणी सांगितलं? मी म्हणालो, अफवा असेल. ती म्हणाली, माझे बाबाही मिलमध्येच होते. उघडेल, उघडेल, असं मीच त्यांना सांगायचे. ते गेले. म्हणून मी हे काम करते.
शर्टाचा विषय काढायला ती वेळ नव्हती.

त्याच दिवशी, संध्याकाळी
काका सात वाजता गेटवर गेले होते, डबा घेऊन. चौकीदार म्हणाला, दादा, इथे आता भंगारवाले येतात फक्त. दुपारपर्यंत बसून होते. घरी येऊन खाकी खुंटीला लावली. काकू दळण आणायला गेल्या होत्या. पाट आत उभा करून ठेवलेला.
विहिरीतून चार वाजता काढलं.

१६ सप्टेंबर
मधुवंतीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती ओरडेल. तिने कार्ड काढून घेतलं. म्हणाली, उद्यापासून येऊ नका. काकूंना मात्र खरं सांगून या. नाहीतर त्या जन्मभर स्वतःलाच दोष देत बसतील, दळणाला का गेले म्हणून.
बरोबर आहे तिचं. नक्की सांगणार.

२१ सप्टेंबर
गेलो. काकू दारातच बसल्या होत्या, पाटावर. वाक्य पाठ होतं: काकू, मी खोटं बोललो.
त्यांनीच आधी विचारलं, भिया, खबर पक्की होती ना?
म्हटलं, पक्की होती. वरूनच बदललं.
त्या म्हणाल्या, मग मीच घर सोडायला नको होतं.
चहा केला त्यांनी. प्यायलो. साखर जास्त होती.