सरकतं खुराडं

आये, बाबांसाठी मी खुराडं केलं. मागचं भाताचं खाचर बिल्डरला विकल्यावर आपल्याकडे घर आणि भोवतीची पट्टी तेवढी उरलीय. शीळफाट्याकडची भटकी कुत्री कोंबड्या उचलायला लागली तसे बाबा काठी घेऊन पहाऱ्याला बसायचे. एकदा अंगणातच पडले. दादा फोनवर म्हणाला, "कोंबड्या विकून टाक आणि त्यांना घोडबंदरला पाठव माझ्याकडे." मी म्हटलं, जरा थांब.

तू अंगणात टोपलीखाली कोंबड्या डालायचीस आणि उन्हाबरोबर टोपली सरकवत राहायचीस. मी एकदा सरकवायची विसरले तेव्हा ओरडलीस, "उनात ठेवलीस त्यांना? तुलाच डालते, थांब!" तेच डोक्यात होतं. प्लंबरने टाकून दिलेले पाइप, भंगारातली खिडकीची जाळी, वर निवडणुकीचा जुना फ्लेक्स. तळ ठेवला नाही, म्हणजे आतल्या आत गवत टिपता येईल. एका बाजूला पोरांच्या मोडक्या सायकलची चाकं, दुसऱ्या बाजूला ओढायला दोरी. मी तार बांधतेय आणि बाबा पाइप धरून बसलेत. "आजून आवल. मुंगूस बारीक आसतं." कितीतरी महिन्यांनी ते असे हुकूम सोडत होते.

पट्टीतलं गवत आठवड्यात संपलं. पुढच्या रविवारी मी बाबांकडे गेले तर खुराडं मागे, बिल्डरच्या प्लॉटमध्ये. कोंबड्या मजेत चरतायत आणि वॉचमन बाबांवर ओरडतोय, "किसने बोला इधर लाने को? साहब को फोन लगाऊँ?" मी धावत गेले, हात जोडले. "भैया, जाने दो. इनका दिमाग ठीक नहीं है. अपना खेत समझ के आ जाते हैं."

तो लगेच नरमला. बाबा दोरी धरून तिथेच उभे होते. मी दोरी घ्यायला गेले, त्यांनी दिली नाही. एकट्यानेच खुराडं ओढत परत आणलं, धापा टाकत ओट्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमीन मीच इकली. मना ठाव नाय का? गवत दिसला म्हनून नेला."

मी केलेला चहा त्यांनी घेतला नाही.

वॉचमनकडे दादाचा नंबर आहे, त्यानेच कळवलं असणार. संध्याकाळी दादाचा फोन आला. "तूच म्हणालीस ना, डोकं ठिकाणावर नाही त्यांचं? मग आता वाद नको. मी गाडी घेऊन येतो रविवारी."

आये, बाबांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. ती थाप मी वेळ मारून न्यायला मारलेली. एवढं एक वाक्य दादाला सांगायचं होतं. तो हॅलो, हॅलो करत होता आणि मी फोन कानाला लावून गप्प.

हे तुला पोचणार नाही, म्हणून लिहितेय. ते दादाकडे गेले तर माझा घोर मिटेल, असं त्या क्षणी मलाही वाटलं.